जाड भिंतींच्या घरात फायबर इंटरनेटला दुसरा राउटर कसा जोडायचा

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, जांभ्या चिऱ्यांचं. भिंती दीड फुटाच्या. फायबरची वायर खांबावरून पडवीत आली, ओटीच्या कोपऱ्यात डबा बसला आणि जोडणी करणारा मुलगा माझ्या मोबाइलवर शंभरचा स्पीड दाखवून गेला. ओटीवर खरोखरच शंभर येत होता. माजघरात तीस, स्वयंपाकघरात चार-पाच. माडीवर नवऱ्याचं ऑफिसचं काम चालतं, तिथे दिवसातून दहा वेळा कॉल तुटायचा. पावसात भिंती ओल्या झाल्या की त्याहून वाईट.

आधी मी एक्स्टेंडर आणला. मग दुसरा राउटर आणला आणि चुकीचा जोडला, त्यात घरातल्या काहींचं इंटरनेट बंद पडलं. शेवटी तोच राउटर नीट जोडल्यावर माडीवरही नव्वदच्या वर स्पीड यायला लागला. राउटरची सेटिंग याआधी कधीच उघडली नाहीत अशांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. आकडे मी देवनागरीत लिहिलेत, पण राउटरचे पत्ते टाइप करताना इंग्रजी आकडेच टाका.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. घरात कारभारी राउटर एकच हवा. प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला, लॅपटॉपला घरातला पत्ता तोच देणार. दुसऱ्या राउटरने केबलमधून आलेलं इंटरनेट घ्यायचं आणि वाय-फायवर सोडायचं, एवढंच. दोघांनी कारभार केला की गोंधळ ठरलेला.

१. दुखणं रेंजचं आहे की लाइनचं, ते आधी बघा

मुख्य राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभं राहून स्पीड टेस्ट करा. शक्य असेल तर लॅपटॉप लॅन केबलने थेट जोडून करा. तिथेही स्पीड कमी येत असेल तर दुसरा राउटर घेऊन काहीही फरक पडणार नाही. ती लाइनची तक्रार आहे.

लाइनचा अंदाज घरबसल्या येतो. फायबरच्या डब्यावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा आणि एलओएस नावाचा दिवा विझलेला हवा. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाश आत पोचतच नाहीये: वायर कुठेतरी तुटली, दुमडली किंवा कनेक्टर सैल झाला. काही डब्यांच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवरचा आकडाही दिसतो. जीपॉन (घरोघरी येणाऱ्या फायबरचा एक प्रकार) लाइनवर तो साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असावा. डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक. उणे २७ च्या जवळ किंवा त्याच्याही खाली गेला असेल तर आकडा लिहून ठेवा आणि तक्रार करताना सांगा. आकडा सांगितला की समोरचा माणूस ‘राउटर बंद करून चालू करा’वर थांबत नाही.

जवळ स्पीड चांगला आणि लांब गेल्यावर पडतो, तर ते रेंजचं दुखणं. मग मोबाइल घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक खोलीतला आकडा कागदावर लिहा. अँड्रॉइड फोनवर वाय-फायची ताकद डीबीएममध्ये दाखवणारी ॲप मिळतात. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालतो, उणे ८० च्या आसपास रडतखडत.

खरेदीला निघण्याआधी एक फुकटचा उपायही करून बघा. राउटर लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा जमिनीवर असेल तर तो उघड्यावर, माणसाच्या उंचीवर आणा. मोठा आरसा, पाण्याची टाकी, स्लॅबमधल्या सळ्या, ओला जांभा ही सगळी वाय-फाय अडवणारी मंडळी आहेत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नुसत्या जागेच्या बदलाने काम भागू शकतं. आमच्याकडे भागलं नाही.

२. घरात आलेला डबा ओळखा

फायबरची बारीक वायर ज्या डब्यात शिरते तो ओएनटी, काही जण ओएनयू म्हणतात. प्रकाशाचं इंटरनेटमध्ये रूपांतर तो करतो. बऱ्याच घरांत वाय-फाय राउटर त्याच्याच पोटात असतो, म्हणजे डबा एकच. काही ठिकाणी, विशेषतः स्थानिक केबलवाल्याकडून कनेक्शन घेतलं असेल तर, छोटा ओएनटी वेगळा आणि राउटर वेगळा असतो. दोन डबे असतील तर वाय-फाय देणारा डबा हा तुमचा मुख्य राउटर.

मागच्या बाजूला पिवळ्या किंवा काळ्या रंगाची लॅनची भोकं असतात. एखादं फोनचं असतं, लँडलाइन त्यात जाते. फायबरच्या हिरव्या किंवा निळ्या कनेक्टरला हात लावू नका. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. एकाच्या जागी दुसरा बसवला की सिग्नल पडतो. उघड्या कनेक्टरच्या तोंडात कधीही डोकावून बघू नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि तो चालू आहे की बंद हेही कळत नाही. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा. फायबरची वायर खिळ्याला गुंडाळू नका, दाराच्या फटीत चेपू नका. वळण द्यायचंच तर बशीएवढं मोठं द्या.

३. जोडायचं कसं ते ठरवा

रस्ते चार आहेत.

एक्स्टेंडर भिंतीच्या बोर्डात लावला की झालं, म्हणून सगळे आधी तोच घेतात. पण तो मुख्य राउटरचं वाय-फाय हवेतून पकडतो आणि हवेतूनच पुढे पाठवतो. एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) दोन्ही कामं करणाऱ्या एक्स्टेंडरचा स्पीड निम्म्यावर येतो, आणि भिंतीपलीकडे त्याच्या हाती जे आलेलं असतं तेच मुळात थोडं असतं. आमच्या माडीवर मोबाइलमध्ये वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसायच्या आणि स्पीड सातच्या वर जात नव्हता. त्या रेघा एक्स्टेंडरपर्यंतच्या असतात, इंटरनेटपर्यंतच्या नाहीत.

मेश म्हणजे एकमेकांशी बोलणारे दोन-तीन डबे. विटांच्या पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये उत्तम. जाड भिंतींत मात्र मेशचे डबेही एकमेकांना नीट ऐकू शकत नाहीत, त्यांनाही आतून केबल द्यावी लागते. केबल टाकायचीच असेल तर साधा राउटरही तेच काम कमी पैशांत करतो.

तिसरा रस्ता मला पटलेला: मुख्य राउटरपासून लॅन केबल नेऊन दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वाय-फाय सोडणारा डबा म्हणून लावायचा. घरातली सगळी यंत्रं एकाच जाळ्यात राहतात, टीव्हीवर मोबाइल दाखवता येतो, प्रिंटर सगळ्यांना दिसतो.

चौथा, दुसरा राउटर राउटर म्हणूनच ठेवायचा आणि मुख्य राउटरची केबल त्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) भोकात लावायची. बॉक्समधून काढून थेट जोडला की आपोआप हेच होतं. यात घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. ब्राउझिंग, व्हिडिओ, कॉल सगळं चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण माडीवरचा मोबाइल ओटीवरच्या टीव्हीला सापडत नाही, आणि ओटीवरच्या लॅपटॉपला माडीवरचा प्रिंटर दिसत नाही.

पाहुण्यांसाठी किंवा होमस्टेच्या खोल्यांसाठी जाळं वेगळं हवं म्हणून काही जण मुद्दाम चौथा रस्ता घेतात आणि पाहुण्यांना आतल्या, म्हणजे दुसऱ्या राउटरवर ठेवतात. हे उलटं आहे. आतल्या राउटरवरून बाहेरच्या जाळ्यातली यंत्रं गाठता येतात. बाहेरून आत जाता येत नाही. म्हणजे पाहुण्याला तुमचा कॅमेरा आणि प्रिंटर उघडा पडतो. त्यापेक्षा मुख्य राउटरमधलं गेस्ट नेटवर्क चालू करा.

४. सामान आणि माहिती

- दुसरा राउटर. तुमचा प्लॅन शंभरच्या वरचा असेल तर गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) भोकांचाच घ्या. स्वस्त राउटरवर मोठ्या अक्षरांत १२०० लिहिलेलं असतं, पण लॅनची भोकं १०० एमबीपीएसची निघू शकतात. बॉक्सच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचा. घरात जुना राउटर पडून असेल तर आधी तोच वापरून बघा.
- लॅन केबल, कॅट ६ किंवा किमान कॅट ५ई. मोजलेल्या अंतरापेक्षा तीन-चार मीटर जास्त.
- एक छोटी लॅन केबल, सेटिंग करताना लॅपटॉपला जोडायला. लॅपटॉप नसेल तर मोबाइलवरूनही जमतं, पण मध्येच वाय-फाय सुटतं आणि नवखा माणूस गोंधळतो.
- मुख्य राउटरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड. डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतात. पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरच्या डब्यावर १९२.१६८.२९.१.
- टाचणी किंवा कागदाची क्लिप, रीसेटचं बटण दाबायला.
- कागद आणि पेन. काहीही बदलण्याआधी जुनं सेटिंग लिहून घ्यायचं किंवा फोटो काढायचा.

५. केबल टाकणं

सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि काम टिकतंही यावरच. राउटर पुढे कधीही बदलता येतो, भिंतीतली केबल नाही.

दुकानात ‘प्युअर कॉपर आहे का’ असं स्पष्ट विचारा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो, वेष्टणावर सीसीए अशी अक्षरं असतात. ती तार वाकवताना तुटते आणि समुद्राजवळच्या दमट हवेत तिचे जोड लवकर खराब होतात. तांब्याची केबल जड लागते. तार सुरीने खरवडली तर आतही तांबूसच दिसते.

लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. घरात तेवढं अंतर कुठेच नसतं, त्यामुळे लांबून फिरवून न्यायला घाबरू नका. दीड फुटाच्या जांभ्याला भोक पाडणं हे मोठं काम आहे, साधा ड्रिल बिट अर्ध्यातच संपतो. आम्ही ओटीवरून दाराच्या चौकटीवरून केबल नेली आणि माडीच्या लाकडी फळ्यांच्या फटीतून वर काढली. एकही भोक पाडावं लागलं नाही. विजेच्या वायरिंगसाठी आधीचं भोक असेल तर त्यातून लॅन केबल ओढायचा मोह होईल. ते करू नका. विजेच्या तारेपासून लॅन केबल हातभर लांब ठेवा, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा.

केबल घराबाहेरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची, काळ्या जाड वेष्टणाची घ्या. घरातली पांढरी-निळी केबल उन्हाने तडकते. भोक आतून बाहेर उतरतं पाडा, आणि बाहेरच्या बाजूला भोकाच्या आधी केबलला खाली छोटा झोळ सोडा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळावरून टपकतं, घरात शिरत नाही. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात हा झोळ नसेल तर पहिल्याच वर्षी भिंतीवर ओल दिसेल.

गोठा, बागेतली खोली, आवारातलं दुसरं घर अशा वेगळ्या इमारतीपर्यंत तांब्याची केबल नेऊ नका. आसपास वीज पडली की ती केबल दोन्हीकडची यंत्रं जाळू शकते. तिथे फायबरचा तुकडा आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारे छोटे डबे) लावून घ्या. काचेतून वीज वाहत नाही.

पिना (केबलच्या टोकांचे प्लग) स्वतः मारणार असाल तर दोन्ही टोकांना क्रम एकच ठेवा. पिनेची खिट्टी खाली, राउटरच्या भोकात जाणारं तोंड आपल्यापासून पलीकडे, आणि डावीकडून: नारिंगी पट्ट्याची पांढरी, नारिंगी, हिरव्या पट्ट्याची पांढरी, निळी, निळ्या पट्ट्याची पांढरी, हिरवी, तपकिरी पट्ट्याची पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसते, चूक हमखास तिथेच होते. १०० एमबीपीएसला चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून बाकीच्या चारांतली एखादी तार नीट बसली नाही तरी इंटरनेट चालतं, फक्त स्पीड ९४-९५ च्या वर जात नाही. राउटर गिगाबिट, प्लॅन तीनशेचा, आणि आकडा नेमका तिथे अडला तर आधी पिना बघा.

पिना मारण्याचं यंत्र घरी नसेल तर तयार वीस-तीस मीटरची केबल घ्या. फक्त पिनेसकट आरपार जाईल एवढं भोक लागतं, हे मोजताना लक्षात ठेवा.

६. दुसरा राउटर तयार करा

हे सगळं टेबलावर, दुसरा राउटर मुख्य राउटरला न जोडता करायचं. घाई करून आधी जोडू नका. माझी चूक हीच झाली होती, खाली सांगते.

अ) राउटर चालू करा आणि चालू असतानाच रीसेटचं बटण टाचणीने दहा सेकंद दाबा. दिवे एकदम लागून विझतात. आता तो कोरा झाला.

आ) छोट्या केबलने लॅपटॉप त्याच्या लॅन भोकात जोडा. वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकात नाही. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, नाहीतर तुम्ही मुख्य राउटरचीच सेटिंग उघडून बसाल.

इ) ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका. नवा ॲडमिन पासवर्ड विचारेल, तो ठेवा आणि लगेच लिहून घ्या.

ई) सेटिंगमध्ये ‘ऑपरेशन मोड’ किंवा ‘वर्किंग मोड’ शोधा. त्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर तो निवडा, सेव्ह करा, राउटर बंद होऊन परत चालू होईल. असं असेल तर काम सोपं आहे: वाय-फायचं नाव-पासवर्ड टाका, मुख्य राउटरकडून आलेली केबल याला जोडा आणि थेट सातव्या पायरीवर जा. या मोडमध्ये राउटर पत्ते वाटणं स्वतःच बंद करतो.

उ) जुन्या राउटरमध्ये हा पर्याय नसतो. तेव्हा हाताने करायचं, आणि याच क्रमाने:

पहिलं, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड ठेवून सेव्ह करा.

दुसरं, लॅन सेटिंगमध्ये राउटरचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मुख्य १९२.१६८.२९.१ असेल तर १९२.१६८.२९.२. पहिले तीन आकडे सारखे, शेवटचा वेगळा. हाच पत्ता मुख्य राउटरने एखाद्या मोबाइलला देऊ नये म्हणून मुख्य राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये वाटपाची सुरुवात २० पासून करा, म्हणजे २ ते १९ आपल्यासाठी मोकळे राहतात.

तिसरं, नव्या पत्त्याने परत आत या आणि डीएचसीपी बंद करा. सेव्ह.

चौथं, मुख्य राउटरकडून आलेली केबल याच्या लॅन भोकात लावा. वॅनचं भोक रिकामं ठेवायचं. ते रिकामं पाहून कोणीतरी ‘केबल चुकीच्या ठिकाणी लागली आहे’ म्हणून बदलून ठेवतं, त्यामुळे मी त्यावर चिकटपट्टी लावली आहे.

डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर

डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटण्याचं खातं. मोबाइल वाय-फायला जोडला की तो हाक मारतो, ‘मला पत्ता कोण देतं?’ मुख्य राउटर उत्तर देतो: हा तुझा पत्ता, आणि बाहेर जायचं दार मी आहे. डीएचसीपी चालू असलेला दुसरा राउटरही उत्तर देतो: हा तुझा पत्ता, आणि दार मी. त्याच्या वॅनला केबलच नाही, म्हणजे त्याच्या दारापलीकडे रस्ता नाही. ज्याचं उत्तर आधी पोचेल ते मोबाइल धरून बसतो.

मी नेमकं हेच केलं होतं. जोडलं तेव्हा सगळं चालत होतं, कारण सगळ्या मोबाइलकडे मुख्य राउटरने दिलेले जुने पत्ते होते. संध्याकाळी जो घरी आला त्याचा मोबाइल बंद. मुलीचा चालू, सासूबाईंच्या टीव्हीवर मालिका मध्येच थांबलेली, माझा लॅपटॉप चालू. लाइन गेली असं समजून मी तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी माणूस आला, त्याने फायबर तपासला, तो ठणठणीत होता. ‘वाय-फाय जोडलेलं दिसतं पण इंटरनेट नाही, आणि तेही काहींनाच’ असं झालं की दुसरा राउटर सगळ्यात आधी बंद करा. मोबाइलचं वाय-फाय बंद-चालू केल्यावर सगळं सुरळीत झालं, तर कारण हेच.

खात्री करायची असेल तर मोबाइलमध्ये वाय-फायच्या नावावर दाबून तपशील उघडा. गेटवे किंवा राउटर या शब्दापुढे मुख्य राउटरचाच पत्ता दिसला पाहिजे. तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर उलटी परिस्थिती आहे: पत्ता कोणीच दिलेला नाही. केबल सैल आहे किंवा मुख्य राउटरचंही डीएचसीपी चुकून बंद झालं आहे.

७. वाय-फायचं नाव, पासवर्ड, चॅनल

पहिले दोन दिवस दुसऱ्या राउटरला वेगळं नाव द्या. आम्ही ‘माडी’ दिलं होतं. त्यामुळे आपण कोणाला जोडलेलो आहोत हे कळतं आणि तपासणी सोपी जाते. सगळं नीट चाललं की दोन्हींना एकच नाव, एकच पासवर्ड आणि सुरक्षेचा एकच प्रकार द्या, म्हणजे मोबाइल घरात फिरताना आपोआप जवळचा राउटर पकडतो. जाड भिंतींचा इथे फायदाच होतो, कारण लांबचा सिग्नल लवकर मरतो. पातळ भिंतींच्या घरात मोबाइल लांबच्याला चिकटून राहतो. तसं झालं तर दोन्ही राउटरची ट्रान्समिट पॉवर ‘मीडियम’ करून बघा.

२.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. मुख्य १ वर असेल तर दुसरा ६ किंवा ११ वर ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. ५ गिगाहर्ट्‌झवर एक ३६ वर, दुसरा १४९ वर. मधले ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो आणि वाय-फाय क्षणभर जातं.

सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय) बंद करा. दुसऱ्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड मूळचाच ठेवण्याची चूक बरेच जण करतात, कारण ‘तो तर नुसता वाय-फाय देतो’. वाय-फायचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला तो राउटर उघडता येतो, हे विसरू नका.

८. तपासणी

दुसऱ्या राउटरजवळ उभं राहून स्पीड टेस्ट करा आणि पहिल्या पायरीतल्या कागदाशी ताडून बघा. मुख्य राउटरजवळच्या आकड्याच्या आसपास यायला हवा. मग माडीवरून टीव्हीवर व्हिडिओ पाठवून बघा, प्रिंटरला एक पान द्या. दोन्ही जमलं तर जाळं एकच आहे. व्हिडिओ कॉल लावून ओटीवरून माडीवर चालत जा. मध्ये एखादा सेकंद अडखळणं चालेल, कॉल तुटणं नाही.

९. मुख्य राउटरच बदलायचा असेल तर

काहींना कंपनीच्या डब्याचं वाय-फाय पूर्ण बंद करून सगळा कारभार स्वतःच्या राउटरकडे द्यायचा असतो. त्यासाठी ओएनटी ब्रिज मोडवर (त्याने फक्त प्रकाशाचं रूपांतर करायचं, राउटरचं काम नाही) टाकावा लागतो, आणि ते बहुतेक वेळा कंपनीच्याच हातात असतं. बीएसएनएलच्या फायबरवर आणि बऱ्याच स्थानिक केबलवाल्यांकडे पीपीपीओई पद्धत असते, म्हणजे लॉगिनचा युजरनेम-पासवर्ड आता तुमच्या राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये टाकायचा. विचारून घ्यायच्या गोष्टी तीन: युजरनेम-पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या लाइनवरच्या तुमच्या जाळ्याचा क्रमांक), आणि लाइन जुन्या डब्याच्या मॅक ॲड्रेसला (यंत्राच्या ओळख क्रमांकाला) बांधलेली आहे का. लँडलाइन त्याच डब्यातून चालत असेल तर ब्रिज केल्यावर ती चालू राहील का, हेही आधीच विचारा. घरात वयस्कर माणसं असतील तर तो फोन बंद पडलेला चालत नाही.

बाहेरगावाहून घरचा कॅमेरा बघण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायला राउटरमध्ये दार उघडणं) करणार असाल तर आधी राउटरच्या वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर कंपनीने एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला आहे, आणि तुम्ही कितीही बरोबर सेटिंग केलं तरी बाहेरून दार उघडणार नाही. स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा कायमचा पत्ता) मागावा लागेल, किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप वापरा.

१०. लाईट गेल्यावर

खांबावरच्या स्प्लिटरला (एक फायबर बऱ्याच घरांत वाटणाऱ्या डब्याला) वीज लागत नाही, त्यामुळे तुमचे दोन्ही डबे चालू राहिले तर लाईट गेल्यावरही इंटरनेट चालू राहू शकतं. मुख्य राउटरला मिनी यूपीएस लावायचा आणि दुसऱ्याला विसरायचं, ही नेहमीची चूक. अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि यूपीएसचे व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. १२ व्होल्टचा प्लग ९ व्होल्टच्या राउटरला घातला तर राउटर जाऊ शकतो. अँपिअर मात्र अडॅप्टरवरच्या आकड्याइतके किंवा जास्त चालतात.

वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करू नका, अडॅप्टर बोर्डातून काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, ती बोर्डातून येते.

परत चालू करतानाचा क्रम कागदावर लिहून मीटरच्या पेटीजवळ चिकटवा: आधी मुख्य राउटर, पॉनचा दिवा स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग माडीवरचा. त्याच कागदावर दोन्ही राउटरचे पत्ते आणि कंपनीचा तक्रार क्रमांक लिहा. पासवर्ड मात्र घरातल्या वहीत ठेवा, भिंतीवर नको. जूनमध्ये मी ठाण्याला गेले होते, तेव्हा रात्री लाईट जाऊन आली आणि सासूबाईंनी तो कागद वाचून दोन्ही राउटर बरोबर क्रमाने चालू केले. सकाळी फोन करून सांगितलं, ‘पॉन हिरवा आहे हो.’